तसबिरीतली आजी

वडीलधाऱ्या माणसाचा मान राखावा, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही; मान राखावा म्हणजे नेमके काय करावे, हे मात्र कुणी शिकवीत नाही. पंगतीतले पहिले पान, बसावयास उंच आसन, सणाला नवे लुगडे, वाकून केलेला नमस्कार, हे सारे मानाचे प्रकार आपण पाहून पाहून उचललेले असतात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांत आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. घरातील सर्व माणसे एकत्र जमवावयाची, मधोमध खुर्ची मांडावयाची, तीवर आजीला बसवावयाचे, आणि तिच्याभोवती मुले, सुना, लेकी, जावई व नातवंडे उभी करून छायाचित्र काढावयाचे. पुढे ते चौकटीत बसवून बैठकीच्या भिंतीवर लावावयाचे. आजीचा याहून मोठा गौरव तो कोणता, असे पुष्कळांना वाटते. तो गौरव खरोखर आजीचा होतो की तिच्या निमित्ताने आपलाच होतो, हा प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे. प्रश्न घरगुती दिसतो. परंतु घरगुती प्रश्नांतच नीतीची खरी कसोटी लागते, असे आमचे मत आहे.

आम्ही राहतो ते हेब्बाळ म्हैसूर शहराच्या वायव्येस आहे. एका अंगाला तळे, ज्याला येथील लोक केरे म्हणतात. दुसऱ्या अंगाला कारखान्यांची वसाहत. आणि जवळच इन्फोसिसचे विस्तीर्ण शिक्षणकेंद्र, जेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली तरुण मुले काही महिने शिकून पुन्हा पांगतात. या परिसरात मराठी घरे थोडी, पण दोन तऱ्हांची. सतराव्या शतकात शहाजीराजे बंगळुरास आले त्या काळापासून कानडी मुलुखात रुजत गेलेली घराणी ही एक तऱ्हा; त्यांची मराठी कानडीच्या मांडीवर वाढलेली. नोकरीसाठी अलीकडे आलेली कुटुंबे ही दुसरी. दोन्ही तऱ्हांच्या घरांत भिंतीवर आजीची तसबीर आढळते, आणि दोन्ही घरांना ती एकच काम करून देते. जेथे वाडा नाही, शेत नाही, कुलदैवताचे देऊळ हाकेच्या अंतरावर नाही, तेथे ती तसबीरच गाव होते. पाहुण्याला 'आम्ही मूळचे कुठले' हे सांगताना बोट आपोआप तिच्याकडे वळते. योगायोग असा, की 'आजी' हा शब्द कानडीतही 'अज्जी' म्हणून नांदतो. भाषा बदलली, मुले शेजाऱ्यांच्या बोलीत बोलू लागली, तरी या एका हाकेला कुणाला दुभाषा लागत नाही.

छायाचित्रणाची विद्या फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि थोड्याच काळात हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक. त्या काळी चित्र उमटावयास क्षण पुरत नसे. बसणाऱ्याने कित्येक सेकंद, प्रारंभी तर काही मिनिटे, निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू देत. जुन्या चित्रांतील माणसे इतकी गंभीर का, याचे एक उत्तर या टेकूत आहे. पण त्या सक्तीच्या स्तब्धतेत एक अर्थही होता. एका वृद्धेसाठी सारे घर काही काळ हालचाल थांबवीत असे. आज चित्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघते, आणि एका बैठकीत शंभर निघतात. जे फुकट मिळते त्याला आपण भेट म्हणू शकतो. मान म्हणताना थोडे थांबावे लागते. मान देताना देणाऱ्याने आपले काहीतरी सोडलेले असावे लागते, निदान आपला वेळ किंवा आपली जागा.

जागेचा प्रश्न बायकांच्या बाबतीत विशेष बिकट होता. युरोपात आणि अमेरिकेत गेल्याच्या मागील शतकात तान्ह्या मुलांची चित्रे काढताना मूल हलू नये म्हणून आई त्याला धरून बसे. मात्र चित्रात ती दिसू नये म्हणून तिच्या अंगावर कापड किंवा पडदा टाकीत. अशी असंख्य चित्रे आज संग्रहांत आहेत. मांडीवरचे मूल स्पष्ट दिसते, आणि ज्या हातांनी ते सावरले आहे ते हात कापडाखाली फुगवट्यासारखे भासतात. आपल्याकडे कापड टाकावयाची गरजच पडली नाही. पडदा आधीपासूनच होता. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा उघडली व ती एका युरोपीय बाईंच्या हाती सोपविली, तेव्हा कुठे मोठ्या घरांतील बायकांना कॅमेऱ्यासमोर बसण्याची सोय झाली. साध्या घरांतील बायकांपुढे वेगळीच अडचण होती. ज्या आजीला तरुणपणी वैधव्य आले, जिचे केशवपन झाले, तिला मंगल कार्यात पुढे येण्याची मुभा नव्हती. आणि चित्रे तर मंगल कार्यातच निघत. लग्नातल्या त्या समूहचित्रात वराचे काका, मामा, दूरचे स्नेही सारे असतात. ज्या बाईने पहाटेपासून चुलीपुढे बसून लग्न पार पाडले, ती नसते. आज आपण आजीला मधोमध बसवितो त्यात या जुन्या अन्यायाची नकळत भरपाई आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु भरपाईसुद्धा किती उशिरा होते ते पाहावे. निवडणूक आयोगाने १९९३ साली मतदारांची छायाचित्रयुक्त ओळखपत्रे करावयास आरंभ केला. तेव्हा गावोगावच्या कित्येक वृद्धांना आयुष्यात प्रथमच एकटीने कॅमेऱ्यासमोर बसावे लागले. पुढे आजी निवर्तल्यावर घरात तिचे स्वतंत्र चित्र सापडेना. तेव्हा तेच ओळखपत्रावरचे बोटभर चित्र मोठे करून, त्याला चंदनाच्या सालींचा हार घालून भिंतीवर लावलेले आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. तिचा चेहरा पाहण्याची गरज सरकारला आधी पडली, घराला मागाहून. दोष कुणा एकाचा नाही. पण ही गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

येथवर आम्ही चित्रात असण्याचा विचार केला. पण नुसते चित्रात असणे पुरेसे नाही, याचा दाखला आमच्या म्हैसूरच्याच इतिहासात आहे. थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने १८०५ च्या सुमारास तीन स्त्रियांचे एक तैलचित्र काढले. त्या म्हैसूरच्या राजघराण्यातील आहेत ही ओळख मागे पडली, आणि पुढे दीर्घकाळ या नर्तिका किंवा गणिका असाव्यात असाच समज चालत राहिला. नायजेल चॅन्सेलर या इतिहासकाराने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात निराळा अर्थ मांडला. त्यांच्या मते या तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या घरातील स्त्रिया असून, देवीच्या रोगावरील नव्या लशीचा लोकांत प्रसार व्हावा म्हणून हे चित्र काढविले गेले. उजवीकडील तरुण राणी पदर सारून दंड दाखविते आहे, तो लस टोचल्याची खूण दाखविण्यासाठी. मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली ती १८०२ च्या जूनमध्ये; म्हणजे हे चित्र त्यानंतर अवघ्या तीन वर्षांचे. आणि मधली स्त्री? चॅन्सेलर यांचा तर्क असा, की ती राजाची आजी लक्ष्मी अम्मण्णी असावी.

तर्कच तो, याविषयी वेगळी मतेही आहेत. पण तो खरा असेल तर त्या मधल्या जागेचा अर्थ केवढा मोठा होतो! लक्ष्मी अम्मण्णी या दुसऱ्या कृष्णराजांच्या विधवा. १७६६ साली पती गेले. राज्य हैदर व टिपू यांच्या हाती होते. या बाईने तीन दशकांहून अधिक काळ खटपट करून, गुप्त पत्रव्यवहार करून, १७९९ साली दत्तक मुलाचा मुलगा, पाच वर्षांचा नातू, गादीवर बसविला. अशी आजी चित्रात मधोमध उभी राहते तेव्हा ती शोभेसाठी नसते. नातसुनांनी केलेल्या धाडसाला तिची संमती आहे, हे ती आपल्या उपस्थितीने सांगत असते. आणि तरीही, चित्राखाली नाव नव्हते म्हणून, जिने राज्य परत आणले तिची ओळख जगाने नर्तिका म्हणून केली असावी! रंग टिकले, कापड टिकले, दागिन्यांची चमक टिकली. ओळख तेवढी टिकली नाही. नावावाचून असलेली तसबीर सन्मानाचे रक्षण करू शकत नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?

राजघराण्याची ही गत, तर आमच्या-तुमच्या आजीची काय कथा! घरातील जुनी पेटी उघडून पाहावी. पिवळट पडलेल्या चित्रांतून अनोळखी बायका आपल्याकडे टक लावून पाहतात. नाकात नथ, डोईवर पदर, हात गुडघ्यांवर. ही कोण, असे वडिलांना विचारावे तर ते म्हणतात, 'आमच्या काकूच्या माहेरची कुणी असेल.' चित्रामागे फार तर स्टुडिओचा शिक्का असतो. काढणाऱ्याचे नाव आहे, बसणारीचे नाही.

उलट आपल्या श्राद्धविधीकडे पाहावे. तेथे चेहरा नाही, नाव आहे. माता, पितामही, प्रपितामही अशा तीन पिढ्यांतील स्त्रियांचा नामगोत्रांसह उच्चार करून त्यांना पिंड आणि तिलोदक देतात. भाद्रपद वद्य नवमीस सुवासिनीपणी गेलेल्या स्त्रियांचे वेगळे स्मरण होते. ज्याने आजीला पाहिलेही नाही असा पणतू तिचे नाव उच्चारतो, आणि तेवढ्यापुरती ती त्या घरात असते. आमचे पूर्वज चित्रकलेत मागे होते म्हणून त्यांनी नाव धरले असे नव्हे. चेहरा पाहणाऱ्याबरोबर संपतो आणि नाव पुढच्याच्या हाती देता येते, हे त्यांनी ओळखले होते. मात्र येथेही एक मेख आहे, आणि ती मराठी वाचकाला सांगावयास नको. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची आपली रीत. त्यामुळे आपल्या कित्येक आज्यांना दोन नावे: एक आईबापांनी ठेवलेले, दुसरे नवऱ्याच्या घराने दिलेले. श्राद्धात सासरचे नाव घेतले जाते. माहेरचे नाव ती तेरा-चौदा वर्षांची असतानाच वापरातून गेले. आमचे कुलवृत्तांतही तिची नोंद करतात ती बहुधा कुणाची तरी पत्नी म्हणून. तेव्हा तसबिरीमागे नाव लिहावे असे आम्ही म्हणतो, तेव्हा दोन्ही नावे लिहावीत असे आमचे सांगणे आहे. ती गौरव करवून घेणारी बाई त्या मुलीचीच पुढची अवस्था आहे. त्या मुलीला वगळून आजीचा सन्मान पुरा होत नाही.

आता सत्याचा प्रश्न. जुन्या स्टुडिओतील कारागीर काचेवरच्या उलट प्रतिमेवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या पुसून टाकीत; काळ्यापांढऱ्या चित्रावर हाताने रंग भरून बांगड्या हिरव्या करीत, कुंकू ठळक करीत. आजोबा आणि आजी यांची निरनिराळी चित्रे जोडून, जे दांपत्य आयुष्यात एकदाही शेजारी बसले नाही ते एका बाकावर बसवीत. आज हीच कामे यंत्र क्षणात करते. इतकेच नव्हे, तर 'डीप नॉस्टॅल्जिया' नावाची जी सोय २०२१ साली निघाली तिच्यामुळे गेलेल्या माणसाचे चित्र पापण्या हलविते, मान वळविते, हसते. आपल्या आजीला अशी हसताना पाहून कुणाला रडू कोसळले तर त्याची थट्टा आम्ही करणार नाही. विरहाने व्याकूळ झालेल्याला कोणताही आधार लहान नसतो. पण ते हसू तिचे नव्हे, एवढे त्याने विसरू नये. ती खरोखर हसली असती की नाही हे ठरविण्याचा अधिकार तिला उरलेला नाही, म्हणूनच तो आपण घेऊ नये. सुरकुती पुसणे हे वरवर प्रेमाचे काम; परंतु आजी जशी आहे तशी आम्हांला दाखविण्याजोगी वाटत नाही, असा त्याचा अर्थ तिने घेतला तर तिला काय उत्तर द्यावे?

रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने छायाचित्राविषयी एक पुस्तक लिहिले. ते १९८० साली प्रसिद्ध झाले. आई गेल्यानंतर तो तिची चित्रे चाळीत बसे, आणि कोणत्याच चित्रात त्याला ती भेटेना. शेवटी ती भेटली तिच्या पाचव्या वर्षीच्या, १८९८ सालच्या एका चित्रात, म्हणजे त्याने जिला कधी पाहिलेच नव्हते अशा मुलीत. पुस्तकात त्याने इतर अनेक चित्रे छापली. हे एक मात्र छापले नाही. इतरांना ते एक सामान्य चित्र वाटेल, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या प्रश्नाला हे उदाहरण फार जवळचे आहे. पाहणे आणि दाखविणे या दोन क्रिया भिन्न आहेत. आजीकडे पाहणे हा तिचा मान. आजीला दाखविणे हा पुष्कळदा आपला मान. ज्या चित्राकडे घरातील कुणी पाहत नाही, पण पाहुण्याला आवर्जून दाखविले जाते, ते चित्र भिंतीचे अलंकरण झाले.

मग चित्र काढूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. हेब्बाळातच आमच्या ओळखीच्या एका घरी आजींचे सहस्रचंद्रदर्शन झाले. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस धरले तर हजार पौर्णिमा पुऱ्या व्हावयास ऐंशी वर्षे ओलांडून आणखी दहाएक महिने लागतात. तेवढ्या पौर्णिमा पाहिलेल्या त्या बाई. शांतीचा विधी आटोपल्यावर अंगणात खुर्ची मांडली, माणसे रांगेत उभी राहिली, आणि छायाचित्रकार कानडीत म्हणाला, 'अज्जी, इल्ली नोडि', म्हणजे इकडे पाहा. आजींनी पाहिले नाही. त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, 'हिला कशाला मागं उभी केलीत? तीस वर्षं माझ्या मागं उभीच आहे ती. आणखी एक खुर्ची आणा.' ती म्हणजे त्यांची थोरली सून. साठी उलटलेली, पहाटेपासून स्वयंपाकघरात राबलेली, गुडघ्यांनी बेजार. दुसरी खुर्ची आली. सून 'नको हो आई, तुमचा दिवस आहे' म्हणत राहिली. आजी म्हणाल्या, 'माझा दिवस आहे ना? मग माझं ऐका.' आता त्या घराच्या भिंतीवरील चित्रात दोन खुर्च्या आहेत, आणि त्यामुळे रांगेची शिस्त थोडी बिघडलेली आहे.

आमच्या मते त्या दुसऱ्या खुर्चीत या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. घराने आजींना मान देऊ केला तो मूर्तीला देतात तसा: मधोमध बसवून, गप्प बसवून. आजींनी तो घेतला माणसाप्रमाणे, म्हणजे आपल्या मनाप्रमाणे. ज्याचा सन्मान करावयाचा त्याची इच्छा विचारल्यावाचून केलेला सन्मान ही एक सभ्य जबरदस्ती असते. आजीला खुर्ची नको असेल, ओसरीवर तांदूळ निवडीत बसायचे असेल. जरीचे लुगडे नको, रोजचे हवे असेल. चष्मा काढायचा नसेल. क्वचित तिला चित्रच नको असेल. तिचा नकारही आपण चौकटीत बसवून पुजावा इतका मोलाचा मानला पाहिजे. आणि ज्या घरात आजीला वर्षभर कुणी 'बस' म्हणत नाही, तेथे चित्रापुरती मांडलेली खुर्ची कितीही नक्षीदार असली तरी ती नाटकातल्या सिंहासनासारखीच. पडदा पडला की उचलावयाची.

उरलेले निम्मे उत्तर आपल्या हातांत आहे, आणि ते अगदी साधे आहे. चित्र ती असताना काढावे. गेल्यावर ओळखपत्र धुंडाळू नये. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने तिची दोन्ही नावे, गाव, वर्ष आणि सभोवतालच्या प्रत्येकाचे नाव लिहावे. चित्र काचेला थेट चिकटू न देता मध्ये जाड कागदाची कड ठेवावी, कारण आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात कागदावरचा थर काचेला धरून बसतो आणि मग चेहरा काचेबरोबर सुटून येतो. उन्हाच्या भिंतीवर ते लावू नये. दूर शिकावयास गेलेल्या नातवंडाकडे त्याची प्रत आणि नावे दोन्ही पाठवावीत. नुसते चित्र पाठवू नये. आणि चित्र काढताना जो अर्धा दिवस सारे घर एकत्र आले, त्या अर्ध्या दिवसात तिला तिच्या लहानपणाविषयी एखादा प्रश्न विचारावा. तिचे माहेरचे नाव घरातल्या धाकट्या पिढीला त्या दिवशी प्रथमच कळेल, असेही पुष्कळ घरांत होईल.

तसबीर ही कृतज्ञतेची पावती नव्हे. ती कृतज्ञतेची हुंडी आहे. पावती मिळाली की व्यवहार संपतो. हुंडी वटवावी लागते. आजीला मधोमध बसवून आपण जगाला आणि स्वतःला एक वचन लिहून देतो, की या घराचे मध्य येथे आहे. त्या वचनाप्रमाणे वागणाऱ्या घरात भिंत कोरी असली तरी चालेल. न वागणाऱ्या घरात ती तसबीर रोज, कुणाला ऐकू न जाईल अशा आवाजात, आपली बाकी मागत राहते.